पार्श्वभूमी : कॅज्युअल्टीतली गर्दी आणि रिकाम्या खाटेचा शोध

सरकारी रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीत गर्दी झाली की खापर येणाऱ्यांवर फुटतं. सर्दी-तापालाही लोक इथेच येतात, असं म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. पण ट्रॉल्या अडकतात त्या वेगळ्याच कारणानं. रुग्णाला तपासलेलं असतं, केसपेपरवर 'अ‍ॅडमिट' लिहिलेलं असतं, आणि वॉर्डात खाट नसते. मग नवा रुग्ण दारातच थांबतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला तो कोलकात्यातल्या एका रात्रीनं. ८ जुलै १९९२ ला मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर गाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. आरोग्य केंद्रानं पुढे पाठवलं. रात्री पावणेबाराला नीलरतन सरकार रुग्णालयात खाट नव्हती. कलकत्ता मेडिकल कॉलेजात नव्हती. शंभुनाथ पंडित रुग्णालयात उपचारांची सोय नव्हती. पहाटे दोनला नॅशनल मेडिकल कॉलेजातही खाट नाहीच. शेवटी त्याला खासगी रुग्णालय गाठावं लागलं आणि सतरा हजारांच्या आसपास खर्च आला.

पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवू नयेत, हे न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावलं होतं. या मजुराच्या खटल्यात ६ मे १९९६ च्या निकालानं त्यापुढे जाऊन सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. मला त्या निकालातली सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी सूचना: खाटांची माहिती देणारी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारा, म्हणजे जिथे खाट आहे तिथेच रुग्णाला थेट नेता येईल.

पुढे २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र विषयाची मान्यता मिळाली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ ची सेवा ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. रुग्ण लवकर पोचू लागला, पण आतल्या खाटा तेवढ्यानं मोकळ्या होत नाहीत.

न्यायालयाला अपेक्षित होतं त्याच्या जवळ जाणारं काम मुंबईनं जून २०२० मध्ये करून दाखवलं. महापालिकेच्या चोवीसही वॉर्डांत वॉर रूम उघडल्या. कोविडचा अहवाल आधी पालिकेकडे यायचा, तिथून फोन जायचा आणि गरज पाहून खाट ठरायची. हे शक्य होतं, आणि कोविडपुरतं न ठेवता अपघाताच्या, हृदयविकाराच्या रुग्णांसाठीही कायम हवं होतं.