चाक फिरतंय, तरी मासे वर का?

पहाटे साडेपाचला शेततळ्याच्या बांधावर जाऊन उभं राहा. रोहू, कटला पाण्याच्या पृष्ठभागाशी ओठ बाहेर काढून तोंडं उघडझाप करत असतील, तर रात्रीतून कधीतरी एरेटरने, म्हणजे पाणी उडवून त्यात हवा मिसळणाऱ्या मोटारीच्या चाकाने, दगा दिला असं खुशाल समजा. सकाळी तो व्यवस्थित फिरत असला तरीही. म्हणून या यंत्राचं दुखणं शोधताना मी पान्याला हात घालायच्या आधी माशांकडे बघतो.

दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हावर ऑक्सिजन सोडतं. अंधार पडला की शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ असे तिघेही तोच ऑक्सिजन वापरत राहतात, त्यामुळे तो सगळ्यात कमी होतो तो उजाडायच्या सुमारास. पाणी ३० अंश सेल्सिअस असेल तर हवेतून त्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरतो. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, उतरत्या बाजूंचं शेततळं काठोकाठ भरलं तर सुमारे २० लाख लिटर पाणी होतं. त्या सगळ्या पाण्यात मिळून ऑक्सिजन किती? फक्त १५ किलो. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे घायकुतीला येतात. रात्री दोनला चाक थांबलं तर हाताशी उरतात ते तीन-चार तास.

चाक थांबण्याची सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे ‘मोटार नुसती हूं करते, फिरत नाही’. थ्री फेज, म्हणजे तीन जिवंत तारांवर चालणारी मोटार असेल तर आधी संशय घ्यायचा तो एक फेज (त्यातली एक तार) गेल्याचा. डीपीवरचा (वीजवाटपाच्या खांबावरचा) एक फ्यूज उडालेला असतो, नाहीतर मोटारीच्या स्टार्टर पेटीतला जॉइंट ढिला होऊन काळा पडलेला असतो. तीनही फेज असताना मोटारीत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यामागे रोटर (मोटारीचा फिरता भाग) धावतो. उरलेल्या दोन तारांवर ते क्षेत्र नुसतं मागे-पुढे होतं, त्यामुळे थांबलेल्या मोटारीला दिशाच सापडत नाही. पण चालू मोटारीचा फेज गेला तर ती थांबत नाही, आणि खरा घात तिथेच होतो. तेवढंच काम दोन तारांवर ओढताना प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. अशी जळालेली मोटार रिवाइंडिंगवाल्याच्या टेबलावर उघडलेली पाहा. स्टार जोडणी (तीनही वेटोळ्यांची एकेक टोकं एकत्र बांधलेली) असेल तर वेटोळ्यांचे दोन गट कोळशासारखे काळे आणि तिसरा लालसर तांब्याचा, जणू कालच भरलेला. हा नमुना दिसला की मोटारीला दोष देऊ नका. नवी मोटारही त्याच पेटीवर तशीच जळेल. एक फेज जाताच मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हा यावरचा स्वस्त उपाय आहे, आणि तो न बसवणं मला तरी समर्थनीय वाटत नाही.

सिंगल फेज मोटार अशी हुंकारली तर बहुतेकदा तिला सुरू व्हायला मदत करणारा कंडेन्सर गेलेला असतो. कंडेन्सर ठीक असेल तर केबल तपासा. तळं विहिरीवरच्या वीजजोडणीपासून २०० मीटर लांब आणि तार अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची असेल, तर जाऊन-येऊन ३ ओहम रोध होतो. १ एचपीची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाचपट प्रवाह ओढते आणि तेवढ्या क्षणापुरते पन्नासएक व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३० चे १८० झाले की जोर ६० टक्क्यांवर येतो. त्यात पंख्यांना शेवाळ लपेटलेलं असेल तर चाक हलणार कसं?

जास्त प्रवाह झाला की मोटार बंद करणारा पेटीतला रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा काटा पुढे सरकवून ठेवणारे पुष्कळ आहेत. कृपा करून असं करू नका. तारेभोवती अडकवायचा क्लॅम्प मीटर लावून प्रवाह मोजा आणि नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. जास्त निघाला तर मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात घाला आणि मगच पाण्यात उतरा. मोटार फिरत नाही म्हणजे तारेत वीज नाही, असं नसतं. वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पेटीत असलाच पाहिजे. चाकाचा दांडा हाताने फिरवून बघा. जड लागला तर गिअरबॉक्सजवळ बोट फिरवा. तुटक्या जाळ्याचा नायलॉन धागा दांड्याला आवळून बसलेला सापडेल. हाच धागा ऑइल सील (गिअरबॉक्समधलं तेल अडवणारी रबरी कडी) कापतो, मग तेल बाहेर पडतं आणि पाणी आत शिरतं. तळ्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर गिअरबॉक्स उघडायची वेळ झाली. आतलं तेल ताकासारखं पांढरट निघेल. पालघर-रायगडच्या कोळंबीच्या तलावांत खारं पाणी नट-बोल्ट आणि बेरिंगही लवकर खातं, तिथे ही तपासणी अधिक वरचेवर हवी.

डीपीच्या दुरुस्तीनंतर दोन फेजची अदलाबदल झाली तर चाक उलटं फिरतं. आवाज तोच, पाणीही उडतं, पण पंख्यांचा बाक उलट पडल्याने पाणी नीट ढकललं जात नाही. दोन एरेटर मिळून तळ्यात पाणी गोल फिरवत असतील तर ते आता एकमेकांविरुद्ध झगडतात आणि मध्ये गोळा होणारा गाळ सगळीकडे पसरतो. वायरमन गेल्यावर लगेच पाण्याची दिशा पाहून घ्यावी.

आणि यंत्र आठ-दहा दिवस बंद होतं, आज दुरुस्त झालं, तर उत्साहाने रात्रभर चालवू नका. तेवढ्या दिवसांत वरचं पाणी तापून हलकं झालेलं असतं. खालचं थंड, जड पाणी तसंच पडून राहतं, त्यात ऑक्सिजन जवळपास नसतो आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. तळापासून पाणी ढवळणारं यंत्र एकदम लावलं तर ते सगळं वर येतं आणि दुरुस्तीच्या दुसऱ्याच सकाळी मासे तरंगतात. पहिल्या दिवशी लख्ख उन्हात, दुपारी बारानंतर, फक्त अर्धा तास चालवा. दुसऱ्या दिवशी एक तास, तिसऱ्या दिवशी दोन. पहाटे मासे खालीच राहिले, तर चौथ्या दिवसापासून रात्रीची पाळी सुरू करा.