११ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन आणि वर्गातला वाद

हायड्रोजनच्या अणूला ऊर्जेच्या सर्वांत खालच्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जायला १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) ऊर्जा लागते. तिसरीवर जायला १२.०९. मग ११ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, समोर आला तर अणू तो शोषून घेईल का?

‘हो’ म्हणणारे वर्गात हमखास भेटतात. अणू १०.२ ठेवून घेईल, उरलेले ०.८ घेऊन फोटॉन पुढे जाईल, असा त्यांचा हिशोब. उत्तर चुकीचं, पण हिशोब बिनबुडाचा नाही, म्हणूनच शिक्षकाने लगेच खुलासा करू नये. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली पद्धत इथे कामी येते: आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा मत नोंदवायचं. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असली तर वाद रंगतो. जवळपास सगळेच बरोबर असतील, तर बोलायला उरतं काय?

‘०.८ घेऊन पुढे गेलेला तो फोटॉन तोच कसा?’ असं कुणी विचारलं की खरी चर्चा सुरू होते. फोटॉनची ऊर्जा त्याच्या वारंवारतेवर ठरते, म्हणजे ऊर्जा बदलली की तो दुसराच फोटॉन. शोषणात तो अख्खा जातो, नाहीतर जातच नाही, आणि अख्खे ११ घेऊन थांबायला अणूत पातळीच नाही. (फोटॉन विखुरताना ऊर्जा बदलण्याचे विरळ प्रकार आहेत, पण ते शोषण नव्हे.)

मग ‘हो’वाल्यांचं म्हणणं कुठून आलं? धडकणाऱ्या इलेक्ट्रॉनला ते तंतोतंत लागू पडतं. ११ इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन अणूला १०.२ देऊन उरलेली ऊर्जा घेऊन निघून जाऊ शकतो. १९१४ साली फ्रँक आणि हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी पाऱ्याच्या वाफेत हेच पाहिलं. तिथे अणू ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेत होते.

उत्तर कुणालाच ठाऊक नसलेल्या गटात चर्चेचा काय उपयोग, ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गांवरचा अभ्यास २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, अशा गटांचीही समज चर्चेने वाढते, असं त्यात दिसलं.

वाद मिटतोय असं वाटलं की १४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन पुढे करावा. तो मात्र शोषला जातो! १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टला इलेक्ट्रॉन अणूतून सुटतो, आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पातळ्यांचं बंधन नसतं, म्हणून उरलेले ०.४ तो वेगाच्या रूपात घेऊन जातो.