संमतीवय : कायदा वय मोजतो, दोघांतले अंतर नाही

मुलगी सतरा वर्षांची, मुलगा वीसचा. घरी कळले की आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, "किती मोठा आहे तो?" पोलीस ठाण्यात हा प्रश्न गौण ठरतो. तिथे आधी मागतात मुलीच्या जन्मतारखेचा पुरावा. पालकांना काळजी असते वयातल्या अंतराची आणि कायदा पाहतो फक्त एकीचे वय. ही फारकत आजची नाही. ती दीडशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिची सुरुवात प्रेमप्रकरणांतून नव्हे, लग्नांतून झाली.

संमतीवय म्हणजे ज्या वयाच्या आत मुलीची लैंगिक संबंधाला दिलेली संमती कायदा मानत नाही, ते वय. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ते होते १० वर्षे. त्याखालच्या मुलीशी संबंध हा गुन्हा, मग तो नवरा का असेना. या आकड्याला हादरा बसला तो मुंबईतून. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी झाले होते. त्या नांदायला गेल्या नाहीत, म्हणून १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी सक्ती करायला नकार दिला. पण अपिलानंतर, मार्च १८८७ मध्ये, न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्याच सुमारास बंगालमध्ये फुलमणी दासी ही मुलगी नवऱ्याने केलेल्या संबंधामुळे दगावली. नवरा तिशीच्या पुढचा होता. मुलीने दहावे वर्ष ओलांडले होते, म्हणून बलात्काराचे कलम लागलेच नाही आणि त्याला एक वर्षाच्या सक्तमजुरीवर सुटका मिळाली. समाजसुधारक बेहरामजी मलबारी बालविवाहाविरुद्ध १८८४ पासून आवाज उठवत होतेच. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला आणि संमतीवय १२ वर आले.

पुण्यात यावरून रण पेटले. परक्या सरकारने घरात हात घालू नये, सुधारणा समाजाने आपणहून करावी, ही 'केसरी'तून टिळकांची भूमिका, तर आगरकर 'सुधारका'त कायद्याच्या बाजूने उभे. वाद धर्माचा, सत्तेचा आणि मुलीच्या वयाचा होता. नवरा तिच्यापेक्षा किती मोठा असावा, यावर कायद्यात एक ओळही आली नाही. जरठ-बालाविवाहाविरुद्ध मराठी समाज पेटून उठला तो रंगभूमीवर, १८९९ मध्ये आलेल्या देवलांच्या 'शारदा' नाटकाने. कायद्याने तो प्रश्न हाती घेतलाच नाही.

त्यानंतर आकडे सरकत गेले. १९२५ मध्ये विवाहाबाहेर १४ आणि विवाहात १३. मग अमरावतीचे मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने १९२९ मध्ये विवाहाबाहेर १८ आणि विवाहात १५ अशी शिफारस केली. सरकारने त्या वेळी बालविवाह रोखणारा सारडा कायदा (हरबिलास सारडा यांच्या नावाचा) तेवढा केला, ज्यात विवाहाचे किमान वय मुलीला १४ आणि मुलाला १८ ठेवले. संमतीवय १६ झाले ते चाळीसच्या दशकात, आणि तिथे ते २०१२ पर्यंत टिकले. १९७८ मध्ये लग्नाचे वय १८ आणि २१ झाले, तेव्हा एक विचित्र फट पडली : सोळा ते अठरा या वयात मुलगी संबंधाला संमती देऊ शकत होती, लग्न मात्र करू शकत नव्हती.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. संमतीवय १८ झाले आणि ती फट बुजली. २०११ च्या मूळ विधेयकात १६ ते १८ वयोगटातल्या संमतीचा विचार करण्याची तरतूद होती. संसदेच्या स्थायी समितीने ती काढायला लावली. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने १६ च ठेवा असे सुचवले, मार्च २०१३ मध्ये मंत्रिमंडळही त्याला तयार झाले, पण सर्वपक्षीय विरोधामुळे १८ कायम राहिले. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्याचा हेतू शंभर टक्के योग्य होता. चूक झाली ती एकाच गोष्टीत : चाळिशीतला शेजारी आणि अकरावीतला वर्गमित्र यांना एकाच तराजूत घातले गेले.

याचा परिणाम शिक्षेत दिसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा दहा वर्षे आणि मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस. शिवाय संबंध एकापेक्षा जास्त वेळा आले किंवा गर्भ राहिला, तर गुन्हा 'गंभीर' प्रकारात जातो आणि तिथे किमान वीसच. प्रेमसंबंधात यातले एक तरी बहुतेकदा घडतेच. न्यायाधीशाला त्याखाली जाता येत नाही. मुलगाही अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तो सोळा पूर्ण असेल, तर प्राथमिक मूल्यांकनानंतर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालू शकतो.

प्रकरण बहुधा असे पुढे सरकते. मुलगी घर सोडून जाते, वडील अपहरणाची फिर्याद देतात. दोघे सापडतात, वैद्यकीय तपासणी होते, मग पॉक्सोची कलमे वाढतात. पोलिसांना २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवावे लागते. मुलगी घरी जायला नाही म्हणाली, तर तिची रवानगी बालगृहात. चार महिन्यांनी घरच्यांचा राग निवळतो, तेव्हा कळते की हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्यासाठी जावे लागते आणि तिथेही खात्री नसते. लग्न लावून दिल्यानेही सुटत नाही, कारण पत्नी अठराच्या आतली असेल तर तो संबंध गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी स्पष्ट केले. शेवटी मुलगी साक्षीत फितूर होते. एनफोल्ड या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे ७,०६४ निकाल तपासले. त्यातली १,७१५ प्रकरणे प्रेमसंबंधांची निघाली आणि त्यांतल्या ९३.८ टक्क्यांत आरोपी सुटले. सुटण्याआधीची तुरुंगातली वर्षे कोणी परत देत नाही.

खटला अनेकदा एका कागदावर उभा किंवा आडवा होतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. या तपासणीत दोन वर्षांचा फरक सहज पडतो. नुसता शाळा सोडल्याचा दाखला पुरेसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली पिढी अजून आहे. अशा नोंदीवर वीस वर्षांची कैद ठरावी हे भयंकर आहे, म्हणून ग्रामपंचायतीच्या रजिस्टरचा उतारा वेळेत काढणे दोन्ही बाजूंच्या हिताचे.

डॉक्टरकडे जायला घाबरून अनेक मुली उशीर करतात, कारण अठराच्या आतल्या मुलीचा गर्भ म्हटला की डॉक्टरला पोलिसांना कळवणे बंधनकारक. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी यात वाट काढली : मुलगी आणि पालक यांनी विनंती केली, तर डॉक्टरने कळवताना तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. हे अजून पुष्कळ पालकांना माहीत नाही.

अंतर मोजण्याचा विचार न्यायालयांनीच पुढे आणला. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये संमतीवय १६ करून मुलगा पाच वर्षांहून मोठा नसावा, अशी सूचना केली. २०२३ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८३ व्या अहवालात वय १८ च ठेवले, पण १६ ते १८ च्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षा कमी करता यावी असे सुचवले, आणि विचारात घेण्याच्या बाबींत तीन वर्षांपर्यंतचे अंतर घातले. परदेशात हे आधीच आहे, तिथल्या मराठी कुटुंबांनी ते जाणून घ्यावे. कॅनडात संमतीवय १६, पण १४-१५ च्या मुलांना पाच वर्षांहून कमी मोठा जोडीदार चालतो. न्यू जर्सीत १३ ते १५ साठी चार वर्षांहून कमी अंतर. कॅलिफोर्नियात मात्र वय १८ आणि अशी सूट नाही. अंतर तीन वर्षांपर्यंत असेल तर फक्त गुन्ह्याची पातळी खाली येते.

अंतराचा मुद्दा किती अवघड आहे, ते पश्चिम बंगालच्या प्रकरणात दिसते. मुलगी १४ ची, तरुण २५ चा. उच्च न्यायालयाने त्याला सोडले, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दोषी ठरवले. मग तज्ज्ञांच्या समितीने मुलीशी बोलून सांगितले की त्या घटनेपेक्षा नंतरची पोलीस-कोर्टाची फरफट तिला जास्त जाचली. मे २०२५ मध्ये घटनेच्या कलम १४२ खाली, म्हणजे पूर्ण न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयाला असलेल्या खास अधिकारात, शिक्षा न देण्याचा निर्णय झाला. अकरा वर्षांचे अंतर कोणत्याही सवलतीत बसले नसते आणि बसूही नये, असे आम्हाला वाटते. सतरा-एकोणीसच्या जोडप्याला मात्र आज त्याच कलमांना तोंड द्यावे लागते. संमतीवय १६ करण्याच्या मागणीला २०२५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला आहे.