शांततेचं स्वतंत्र खातं : मागणीमागचा इतिहास

सरकारात शांततेसाठी स्वतंत्र खातं हवं, ही मागणी कुठून आली, ते आपल्या गावापासून बघू. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यभर सुरू झाली. ती आणणारे आर. आर. पाटील आमच्या सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, आणि तेव्हाचे गृहमंत्री. बांधाचा वाद, भावकीतली वाटणी, पाण्याची पाळी, किरकोळ मारामारी अशी भांडणं कोर्टाची पायरी चढण्याआधी गावातच मिटावीत, हा हेतू. ग्रामसभेनं समिती नेमायची, दाखल तंटे नोंदवहीत लिहायचे, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं. गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. आर. आर. आबांचं हे काम मोलाचं होतं.

पण मोहीम गृहखात्याची, म्हणून तिचा भार पोलीस ठाण्यावर. शांतता समितीचंही तेच. गणपती-मोहरम जवळ आले की ठाण्यात बैठक लागते, मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरते, चहा होतो. सण पार पडला की पुढच्या वर्षापर्यंत कुणी कुणाला बोलावत नाही. २००९ च्या गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल पेटली, संचारबंदी लागली, लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेलं. बंदोबस्त पोलिसांनी केला. त्यानंतर तुटलेली मनं जोडायची कुणी? सरकारात त्यासाठी खातंच नव्हतं.

असं खातं हवं, हा विचार सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉक्टर बेंजामिन रश यांनी तो मांडला. बेंजामिन बॅनेकर या कृष्णवर्णीय खगोल अभ्यासकाच्या १७९३ च्या पंचांगात तो छापला गेला. युद्धखातं आहे, मग शांतिखातंही असू द्या, असं रश यांचं म्हणणं. या खात्यानं गावोगाव मोफत शाळा काढाव्यात, फाशीची शिक्षा रद्द व्हावी. युद्धखात्याच्या दारावर मात्र ‘विधवा आणि अनाथ तयार करण्याचं कार्यालय’ अशा अर्थाची पाटी लावावी, असंही त्यांनी सुचवलं. इतकं स्पष्ट पुढे फार थोड्यांनी लिहिलं.

पुढे मॅथ्यू नीली यांनी १९३५ मध्ये, व्हान्स हार्टकी यांनी १९६९ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये अशा खात्यासाठी विधेयकं आणली. १९८४ मध्ये खात्याऐवजी एक शांती संस्था पदरात पडली. खासदार डेनिस कुसिनिच यांनी जुलै २००१ मध्ये पुन्हा विधेयक मांडलं आणि दोनच महिन्यांत न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. मागणी मागे पडली, तरी कुसिनिच ते विधेयक पुन्हा पुन्हा मांडत राहिले.

नेपाळनं मात्र खातं काढून दाखवलं. दहा वर्षांचं यादवी युद्ध २००६ च्या करारानं थांबलं आणि २००७ मध्ये शांती तथा पुनर्निर्माण मंत्रालय उभं राहिलं. जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक शांती समित्या नेमल्या गेल्या. म्हणजे इतकी माणसं मेल्यावर. आपण तेवढी वाट का बघायची?

आपल्याकडे राजस्थाननं २०२२ मध्ये शांती व अहिंसा विभाग सुरू केला. महाराष्ट्रानं तसा विभाग काढला तर तंटामुक्ती समित्या आधी त्याच्याकडे सोपवाव्यात, आणि तालुक्याला निदान एक पगारी, वर्दी नसलेला माणूस नेमावा.