खर्च निघाला नाही म्हणून कांदा चाळीत ठेवायचा? बुडीत खर्च आणि संधी खर्चाचा घोळ

दरवर्षी जून-जुलै आला की तेच वाक्य ऐकू येतं, "एवढा खर्च झालाय, तो तरी निघू दे, मग विकू." कांदा चाळीत (साठवायच्या हवेशीर शेडमध्ये), भाव खाली, आणि पारावर बसून हिशोब चाललाय तो रोप, लागण, निंदणी, औषधं याचा. मग अर्थशास्त्राचा एखादा व्हिडिओ पाहिलेला कोणीतरी येतो आणि म्हणतो, गेला तो खर्च गेला, विसरा आता. दोघंही अर्धंच बोलतायत, आणि हा घोळ मी इतक्या वेळा ऐकलाय की आज सगळं लिहूनच टाकतो.

बुडीत खर्च तुम्हाला माहितीय, त्यावर जास्त वेळ घालवत नाही. बोअर घेतला, तीनशे फुटाला पाणी नाही, तर त्या तीनशे फुटाचे पैसे गेले, ते काही केलं तरी परत येत नाहीत. अजून शंभर फूट जायचं का, हे पुढच्या शंभर फुटाचा खर्च किती आणि पाणी लागायची आशा किती यावरच ठरवायचं. "आता एवढं खाली आलोय तर" हे कारण होऊच शकत नाही. झालं, एवढंच.

संधी खर्च मात्र भल्याभल्यांना चकवतो. आणि हा शब्दच मला आवडत नाही, पुस्तकात कुठे संधी खर्च, कुठे वैकल्पिक खर्च, ऐकणाऱ्याला वाटतं कुठेतरी पैसे भरायचेत. मी त्याला सोडलेला पैसा म्हणतो. एक गोष्ट केली म्हणून दुसरी जी सगळ्यात चांगली करता आली असती ती सुटली, तिच्यातून जे हाती राहिलं असतं तो हा खर्च. त्याची पावती नसते, वहीत नोंद नसते, म्हणून तो दिसत नाही. २००५ साली दोन संशोधकांनी अमेरिकेत १९९ अर्थतज्ज्ञांना यावर एक छोटा प्रश्न विचारला, चार पर्याय दिले, आणि त्यांच्या मते बरोबर असलेलं उत्तर फक्त २१.६ टक्के लोकांनी दिलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी २५ टक्के आले असते! त्यामुळे आपला गोंधळ होतो यात लाजण्यासारखं काही नाही.

आता खरी गोची. लोक समजतात की काही गोष्टी बुडीत असतात आणि काही गोष्टी संधीच्या असतात, म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. तसं नाहीये. त्याच एका क्विंटल कांद्यात दोन्ही खर्च बसलेत.

समजा चाळीत १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे. पिकवायला क्विंटलला १८०० रुपये लागले, आज बाजार समितीत गाडीभाडं, हमाली जाऊन हातात १२०० पडतात. बहुतेक जण इथे १८०० ला चिकटून बसतात. पण ते १८०० बुडीत आहेत, आज विकला तरी आणि दिवाळीला विकला तरी. मग कांदा ठेवायचा खर्च शून्य का? अजिबात नाही, व्हिडिओवाला इथेच चुकतो, तो बुडीत खर्च विसरायला सांगतो आणि पुढचं सांगतच नाही. आज न विकल्याने तुम्ही १ लाख २० हजार सोडताय, ते रोख घेऊन सोसायटीचं कर्ज फेडता आलं असतं, सोनं सोडवता आलं असतं. आणि दोन महिन्यांत वजनातली घट, सड, कोंब धरून २० टक्के माल गेला असं धरा, तर उरले ८० क्विंटल. तेच १ लाख २० हजार यायला तेव्हा हातात १५०० पडायला पाहिजेत, तेही व्याज न धरता. म्हणजे चाळीपुढे उभं राहून विचारायचा प्रश्न एकच, दोन महिन्यांनी १५०० च्या वर मिळेल असं खरंच वाटतंय का? १८०० हा आकडा या प्रश्नात कुठेच येत नाही. भाव १७०० गेला तर खर्च निघाला नाही तरी थांबणं बरोबर ठरलं, आणि १४०० ला अडकला तर आजच विकायला हवा होता.

भाव वाढेल असं वाटतं म्हणून कांदा ठेवणारा शेतकरी चुकत नाही. खर्च निघाला नाही म्हणून ठेवणारा चुकतो. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, चाळ दोघांचीही भरलेलीच असते, म्हणून तर हा घोळ मिटत नाही. वडिलांनी आता वहीत दोन वेगळी पानं केलीत, एका पानावर लागवडीचा खर्च, दुसऱ्यावर दर आठवड्याचा लासलगावचा भाव आणि अंदाजे घट. विकताना पहिलं पान उघडतच नाहीत.

उभ्या कांद्यात रोटर फिरवून पीक मातीत गाडणाऱ्याला लोक नावं ठेवतात ना, एवढं पिकवून नासाडी केली, निदान वाटायचा तरी, त्याचा मला खरंच राग येतो. त्याची काढणी, कापणी, गोण्या, गाडी हे पैसे अजून जायचेत, आणि भाव त्याच्याही खाली असेल तर काढून विकण्यात आणखी तोटा. वाटायलाही काढावा लागतोच. शिवाय रान मोकळं होऊन पुढचं पीक घेता येतं. त्याचा हिशोब चोख आहे.

पण "खर्च विसरा" हे हमीभावाच्या चर्चेत आणू नका, प्लीज. पेरणीच्या आधी काहीच बुडालेलं नसतं, तेव्हा सगळा खर्च मोजायचाच. कांद्याला हमीभाव नाही, पण सोयाबीन, कापसाला आहे, आणि तिथला वाद नेमका सोडलेल्या पैशाचा आहे. तिथे पिकाचा खर्च तीन प्रकारे मोजतात. ए२ म्हणजे प्रत्यक्ष दिलेले पैसे, त्यात घरच्यांच्या मजुरीचा अंदाज मिळवला की ए२ अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड म्हणजे भाडं, स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी२. केंद्राने २०१८ च्या बजेटमध्ये दीडपट भाव जाहीर केला तो ए२ अधिक एफएल धरून, शेतकरी संघटना मागतात सी२ वर. म्हणजे रान घरचं आहे, त्याला कुठे पैसे पडतात, असं जो म्हणतो त्याने आपल्या गावात एकराचा खंड काय चाललाय ते आधी विचारून यावं.