कीथ, एल्मर मेरिफील्ड

(८ मार्च १८९९–१४ फेब्रुवारी १९८४). सहाबारी रिव्हॉल्व्हर, मोठ्या शिकारीच्या रायफली आणि घरच्या घरी काडतुसे भरण्याची विद्या, म्हणजेच हँडलोडिंग, या विषयांवरील अमेरिकन लेखक. जन्म मिसूरी राज्यातील हार्डिन येथे. आयुष्याचा बराच काळ आयडाहो राज्यातील सॅमन या गावी आणि आसपासच्या डोंगराळ मुलखात गेला. गुरे राखणे, घोडी वठणीवर आणणे, शिकाऱ्यांना वाट दाखवणे ही त्यांची पोटापाण्याची कामे. लेखन त्यांतूनच निघाले, आणि त्याला शेवटपर्यंत तोच वास राहिला.

लहानपणी माँटॅनातील मिझूला येथे हॉटेलला लागलेल्या आगीत कीथ गंभीर भाजले. डावा हात आखडून वाकडा बसला. डॉक्टरांनी हात टेकल्यावर आईवडिलांकडून ती बोटे मोडून घेतली आणि फळीला बांधून सरळ केली, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. हा हात घेऊनच पुढे त्यांनी आयुष्यभर नेमबाजी केली.

कीथ यांचे नाव ज्यामुळे राहिले ती गोष्ट एका स्फोटापासून सुरू होते. १९२० च्या दशकात, ४ जुलैच्या अमेरिकी स्वातंत्र्यदिनी, आनंदाचे बार काढताना त्यांच्या हातातले .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर (.४५ हे माप इंचात) फुटले. सिलिंडरचा, म्हणजे काडतुसे ठेवण्याच्या फिरत्या नळकांड्याचा, वरचा भाग उडून गेला. काडतुसे त्यांनी स्वतःच भरलेली होती : गोळी नेहमीपेक्षा जड, दारू ठासून. दुसरा कोणी असता तर हा नाद सोडता. कीथ यांनी फुटलेल्या लोखंडाकडे पाहिले आणि हिशेब मांडला. सिलिंडरची बाहेरची जाडी तीच ठेवून आतली भोके .४५ ऐवजी .४४ ची पाडली, तर भोकांभोवतीची भिंत जाड राहते आणि जास्त दाब सोसते. पुढची जवळपास तीस वर्षे ते .४४ स्पेशल या काडतुसाच्या मागे लागले, त्याचे मूळ हे.

हँडलोडिंग म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी. बार उडाला की तीन संपतात, पुंगळी उरते, आणि सगळ्यांत महाग तीच असते. बाराच्या दाबाने ती फुगते. म्हणून जळलेली टोपी ठोकून काढायची, पुंगळी पोलादी साच्यातून दाबून मूळ मापावर आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवून पुंगळीची कड तिच्या खाचेत दुमडायची. दारूचे माप ग्रेनमध्ये असते. एका पौंडात ७,००० ग्रेन. आपल्या सोनाराची एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन. यावरून कामाचा नाजूकपणा ध्यानात यावा. गुंजभर इकडेतिकडे झाले तर नेम चुकतो, कधी बंदूक फुटते.

गोळीही घरीच ओतत. शिशात थोडे कथील घालून ते वितळवायचे आणि पळीने साच्यात सोडायचे. कीथ यांची खरी कामगिरी या साच्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्यांनी आखलेल्या गोळीचे नाक टोकदार नसून सपाट आहे. त्यामागे पूर्ण व्यासाचा रुंद पट्टा, मग कड दुमडण्यासाठी खोल खाच आणि खाली वंगणासाठी चौकोनी कापाची मोठी खाच. सपाट नाकामुळे कागदी निशाणावर स्वच्छ गोल भोक पडते आणि जनावराला जखमही रुंद होते. पुढचा पट्टा गोळीला नळीच्या मध्याशी धरून ठेवतो. .४४ साठीच्या, लायमन या कंपनीच्या साच्याचा क्रमांक ४२९४२१. यातले पहिले तीन आकडे गोळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात, उरलेले नमुन्याचे. पुढे साच्यांतली चौकोनी खाच गोलसर झाली, पट्टा अरुंद झाला. याबद्दल कीथ यांची कुरकुर अखेरपर्यंत थांबली नाही, आणि ती रास्तच होती.

१९२९ मध्ये ‘अमेरिकन रायफलमन’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःसाठी बदल करून घेतलेल्या ‘क्रमांक ५’ या कोल्टवर लेख लिहिला. शीर्षक ‘द लास्ट वर्ड’. अर्थात तो शेवटचा शब्द ठरला नाही. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या शस्त्रकंपन्यांनी .३५७ मॅग्नम हे जास्त जोराचे काडतूस आणले. त्यात डग्लस वेसन आणि फिलिप शार्प यांच्याबरोबर कीथ यांच्या प्रयोगांचाही वाटा होता. .४४ मॅग्नमसाठी मात्र त्यांनी वर्षानुवर्षे कारखान्यांचे दार ठोठावले. रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर करायचे ठरवले, आणि १९५५-५६ च्या सुमारास जोडी बाजारात आली. जुन्या, नाजूक बंदुकीत हे काडतूस चुकूनही बसू नये म्हणून पुंगळी .४४ स्पेशलपेक्षा इंचाचा आठवा भाग लांब ठेवली. १९६४ च्या .४१ मॅग्नममागेही नेमबाज बिल जॉर्डन यांच्याबरोबर त्यांचाच आग्रह होता.

जखमी हरणाला रिव्हॉल्व्हरने ६०० यार्डांवरून टिपल्याची त्यांची हकिकत प्रसिद्ध आहे आणि तितकीच चेष्टेचा विषयही. पण त्यामागची रीत थापेची नव्हती. लांबच्या माऱ्यासाठी ते निशाणाच्या वर हवेत नेम धरत नसत. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा उंचवटा, मागच्या खाचेतून वर उचलायची, तिच्यावर सोन्याच्या बारीक आडव्या रेघा जडवून घ्यायच्या, आणि निशाण माशीच्या टोकावर टेकवायचे. पहिली गोळी धूळ कुठे उडवते ते पाहून पुढची दुरुस्त करायची.

रायफलींबाबत त्यांचा पक्ष मोठ्या, जड गोळीचा. शिकारलेखक जॅक ओकॉनर हे .२७० विंचेस्टर या हलक्या गोळीच्या काडतुसाचे कैवारी, आणि ते उत्तम गद्य लिहीत. दोघांचे वैर वाचकांनी वर्षानुवर्षे चवीने वाचले. गद्यात ओकॉनर सरस, यात वाद नाही. कीथ बोलतात तसे लिहितात : विषय सोडून भरकटतात, मग मध्येच कामाचे वाक्य सांगून जातात.

दुसऱ्या महायुद्धात ते यूटातील ऑग्डेन शस्त्रागारात तपासनीस होते. तेथे दुरुस्त झालेल्या रायफलींच्या लाकडी दस्त्यांवर ‘ओजीईके’ हा शिक्का आढळतो. पहिली दोन अक्षरे ऑग्डेनची, उरलेली त्यांच्या नावाची. संग्राहक आजही दस्ता उजेडात तिरका धरून ही अक्षरे शोधतात.

‘सिक्सगन्स’ (१९५५) हे त्यांचे सर्वांत वाचले गेलेले पुस्तक. त्यातले दारूचे आकडे इतिहास म्हणून वाचावेत, तोलून पुंगळीत घालू नयेत. दाब मोजण्याचे यंत्र कीथ यांच्या घरी नव्हते. पुंगळी सिलिंडरमधून किती अडून निघते, टोपी किती चपटी झाली, यावर ते अंदाज बांधत. शिवाय धातू, दारू, टोपी, सगळेच नंतर बदलले.

१९७३ मध्ये ‘आउटस्टँडिंग अमेरिकन हँडगनर’ हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो कीथ यांना. १९७९ मध्ये ‘हेल, आय वॉज देअर!’ हे आत्मचरित्र आले. दोन वर्षांनी पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवले. बॉइझी येथे त्यांचे निधन झाले.