वापरकर्ता खात्यातील बदलांच्या ऑडिट नोंदी

सर्व्हरवरील वापरकर्ता खाते उघडणे, बंद करणे किंवा त्याच्या तपशिलात फेरफार करणे यांची सुरक्षा लॉगमध्ये उमटणारी नोंद. विंडोज सर्व्हरवर खाते बदलल्याची नोंद ४७३८ क्रमांकाची असते. नवे खाते ४७२०, खाते हटवणे ४७२६.

४७३८ मध्ये दोन नावे असतात: बदल करणाऱ्याचे आणि ज्याच्या खात्यात बदल झाला त्याचे. घाईत वाचणारा नेमका दुसऱ्यालाच आरोपी ठरवतो. करणाऱ्याच्या नावाशेजारचा लॉगऑन आयडी (त्या लॉगइन सत्राचा क्रमांक) धरून त्याच संगणकावरील ४६२४ ही लॉगइनची नोंद शोधली की तो कुठून आत आला, याचा माग लागतो. ज्या रकान्यात फक्त आडवी रेघ दिसते, तो बदललेला नसतो. कधी सगळेच रकाने रेघांचे असतात. बहुधा या नोंदीत ज्याला रकानाच नाही असा गुणधर्म, उदाहरणार्थ खात्यावरील परवानग्यांची यादी, तेव्हा बदललेला असतो. अशी नोंद निरर्थक म्हणून सोडून देणे धोक्याचे.

सर्वांत फसवा भाग यूएसी (युजर अकाउंट कंट्रोल, म्हणजे खात्यावरील अटींच्या) मूल्याचा. ते हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) आकड्यात लिहिलेले असते आणि त्यातला प्रत्येक बिट एकेक अट दाखवतो. या नोंदीत २०० चा अर्थ ‘पासवर्डची मुदत कधीच संपणार नाही’ असा होतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (विंडोज नेटवर्कमधील खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीच्या) गुणधर्मात मात्र तोच आकडा ‘साधे खाते’ सांगतो. १०००० बाबत गोंधळ आणखी महागात पडतो. डिरेक्टरीत तो मुदत न संपणारा पासवर्ड, तर नोंदीत कर्बेरॉसची (नेटवर्कवर ओळख पटवणाऱ्या पद्धतीची) पूर्वपडताळणी बंद केल्याची खूण. पूर्वपडताळणी नसलेल्या खात्याच्या नावाने कोणीही सर्व्हरकडून उत्तर मागवून त्यावरून पासवर्ड निवांत फोडत बसू शकतो.

एकटी ४७३८ फारसे बोलत नाही. नवे खाते उघडताना ४७२०, ४७२२, ४७२४ आणि ४७३८ अशा नोंदी काही क्षणांत एकापाठोपाठ येतात, ते रोजचेच. जुन्या, बंद पडलेल्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्याने बदलणे (४७२४), ते चालू होणे (४७२२) आणि लगेच एखाद्या अधिकारी गटात त्याची भर पडणे (४७२८ किंवा ४७३२), हा क्रम मात्र तपासलाच पाहिजे. डोमेनमधील (एकाच व्यवस्थापनाखालील संगणकांच्या नेटवर्कमधील) खात्याची नोंद ज्या डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे ती खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, बदल झाला तिथेच राहते, म्हणून सर्व कंट्रोलरचे लॉग एकत्र करावे लागतात.

लिनक्सवर हेच काम ऑडिट यंत्रणा करते. सुडो ही आज्ञा वापरून रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) झालेल्या माणसाचा मूळ वापरकर्ता क्रमांक तिथे ‘एयूआयडी’ (ऑडिट युजर आयडी) रकान्यात टिकून राहतो. त्या रकान्यात ४२९४९६७२९५ दिसल्यास लॉगइन झालेलेच नाही असे समजावे. ते बहुतेकदा एखाद्या पार्श्वसेवेचे काम असते.